किती चेंडू टाकले?

२०२३ च्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीला धाकट्या लेकीकडे तीन महिने होतो. चिपळूणजवळच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस मी. तिथे मला काही काम नव्हते. लेक आणि जावई सकाळीच बाहेर पडत. संध्याकाळी अकरा वर्षांचा नातू एका हातात चामड्याचा मोठा पंजा घालून माझ्यासमोर उभा राही आणि म्हणे, "नाना, चला." मग आम्ही दोघे घरामागच्या हिरवळीवर जात असू. तो चेंडू टाकी आणि मी पकडण्याचा प्रयत्न करी.

खेळ बेसबॉलचा. आपल्याकडे पिच म्हटले की खेळपट्टी डोळ्यांसमोर येते. तिकडे पिच म्हणजे चेंडू टाकण्याची एक जात आणि तो टाकणारा तो पिचर. मोठ्यांच्या खेळात पिचर आणि बॅटरसमोरची पांढरी पाटी यांच्यात ६० फूट ६ इंच अंतर असते. १८९३ पासून ते बदललेले नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते ४६ फूट. वाटेत चेंडू जमिनीला टेकत नाही. म्हणजे आपल्या फिरकी गोलंदाजाला मातीकडून जी मदत मिळते ती इथे नाही. जे करायचे ते हवेतच करायचे. पाच ते सव्वापाच औंसांचा चेंडू, त्यावर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके आणि माणसाची बोटे, एवढेच भांडवल. तेवढ्यावर पिचर डझनभर जातीचे चेंडू टाकतात. सरळ वेगाने जाणारा फास्टबॉल, खाली वळणारा कर्व्हबॉल, बाजूला सरकणारा स्लायडर, वेगाचा आव आणून हळू येणारा चेंजअप, शेवटच्या क्षणी थोडासा हलणारा कटर आणि जवळजवळ न फिरता डुलत येणारा नकलबॉल.

मी स्वतः तरुणपणी ऑफस्पिन टाकायचो. भातकापणी झाली की मळ्यात आमचे सामने चालत. स्कोअरबुक नव्हते, पंच म्हणजे ज्याची फलंदाजी झाली तो. पण चेंडू वळायचा, हे त्या काळचे फलंदाज आजही कबूल करतील. त्यामुळे नातवाने एके दिवशी विचारले, "नाना, कर्व्हबॉल कसा टाकतात?" तेव्हा मी "मला ठाऊक नाही" असे म्हणालो नाही. एकतीस वर्षे शिक्षकी केलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य सहज निघत नाही. मी चेंडू हातात घेतला, शिवणीवर बोटे ठेवली आणि म्हणालो, "हे बघ बेटा, दाराची मूठ फिरवतोस ना, तसे मनगट फिरव."

चेंडू वळला. नातू आनंदाने नाचला. मीही मनातून सुखावलो. आजोबाकडून नातवाकडे काहीतरी गेले असे वाटले. त्यानंतर रोज संध्याकाळी आमचा तोच अभ्यास सुरू झाला. शनिवारी आणि मंगळवारी त्याचे सामने असत ते वेगळेच.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो दुधाचा ग्लास उचलताना थांबला. डाव्या हाताने उजवे कोपर धरले. "थोडंसं दुखतंय," म्हणाला. लेकीने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही, आणि तिचे न बोलणे मला जास्त लागले.

डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले. वाढीच्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचे टोक पक्के जुळलेले नसते. मध्ये कूर्चेचा थर असतो. त्यावर पुन्हा पुन्हा ओढ बसली की तिथे इजा होते. "वेळेवर आलात," ते म्हणाले. सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही. मी पुढे होऊन सांगू लागलो की चूक माझी आहे, मी त्याला कर्व्हबॉल शिकवला, मनगट असे फिरवायला सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "रोज किती चेंडू टाकत होता?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. कोणीच मोजले नव्हते.

त्या सहा आठवड्यांत नातवाला करायला काही नव्हते आणि मला झोप येत नव्हती. मी ठरवले की आता तरी या गोष्टीची खरी माहिती काढायची. मी शिकवले ते खरेच कर्व्हबॉल होते का? त्याच्यामुळेच कोपर दुखावले का? माहिती काढणे अवघड नाही असे मला वाटले होते. दीडशे वर्षांहून जुना खेळ, त्यावर ग्रंथांचे ढीग. पण कोणत्या पिचरने नेमका कोणता चेंडू टाकला, एवढ्या साध्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळणे किती कठीण आहे, ते मला तेव्हा कळले.

आधी माणसांना विचारले. टीव्हीवर सामना चालू असताना एक चेंडू टाकला गेला. समालोचक म्हणाला स्लायडर. शेजारचे गृहस्थ म्हणाले कर्व्ह. पडद्यावर अक्षरे उमटली, स्वीपर. नातू म्हणाला, "नाना, तिघांपैकी खरं कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हते. नंतर समजले की सपाट वळणाऱ्या अशा स्लायडरला स्वीपर हे वेगळे नाव अमेरिकेच्या मोठ्या लीगच्या अधिकृत नोंदींत त्याच वर्षी, २०२३ मध्ये आले होते. असे चेंडू त्याआधीही टाकले जात होते. पिचर तेच, बोटे तीच. बदलले होते ते फक्त नाव.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल बाईंनी मला एक जाडजूड पुस्तक काढून दिले. बिल जेम्स आणि रॉब नेयर या दोघांचे, २००४ साली निघालेले, पिचरांविषयीचे मार्गदर्शक. ते मी बरेच दिवस सोडले नाही. या दोघांनी काय केले? शेकडो पिचरांची नावे घेतली आणि प्रत्येकापुढे तो कोणकोणते चेंडू टाकत होता ते मांडले. पण नुसते मांडले नाही. हे कोणी सांगितले, कधी सांगितले, त्याने स्वतः पाहिले होते की ऐकले होते, तेही दिले. जुनी वर्तमानपत्रे, मुलाखती, आत्मचरित्रे धुंडाळून पुरावा गोळा केला. जिथे दोन साक्षी जुळत नाहीत तिथे दोन्ही ठेवल्या. मी विज्ञानाचा शिक्षक, पण आयुष्यभर मुलांना पुस्तकातले वाक्य पाठ करायला लावले. हे वाक्य कोणाचे, असे विचारायला एकाही मुलाला शिकवले नाही, याची त्या टेबलाशी बसून मला लाज वाटली.

साहजिकच वाटते की सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे पिचर स्वतः. हात त्याचा, चेंडू त्याचा. पण तसे नाही. कर्व्हबॉलचा जनक म्हणून कँडी कमिंग्ज या पिचरला १९३९ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. त्याने सांगितलेली हकीकत मोठी गोड आहे. १८६३ साली, लहान असताना, तो समुद्राकाठी शिंपले भिरकावत होता. ते हवेत वळताना पाहून त्याच्या मनात आले की चेंडूही असा वळवता आला तर? समुद्राकाठी वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट लगेच पटते. पण ही हकीकत त्याने सविस्तर लिहिली ती १९०८ साली, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. आणि फ्रेड गोल्डस्मिथ नावाचा दुसरा एक पिचर पहिला कर्व्ह आपणच टाकला असे शेवटपर्यंत सांगत राहिला. आठवण गोड आहे म्हणून ती खरी ठरत नाही, आणि खोटीही ठरत नाही.

काही जणांना खोटे सांगण्यातच फायदा होता. चेंडूला थुंकी लावून टाकण्याच्या प्रकाराला स्पिटबॉल म्हणत. त्यावर १९२० मध्ये बंदी आली. पुढे गेलॉर्ड पेरी नावाच्या पिचरने आपण तो टाकत होतो असे १९७४ साली चक्क पुस्तक लिहून कबूल केले, आणि तरीही नंतर बरीच वर्षे खेळला. प्रत्येक चेंडूआधी तो टोपीला, कपाळाला, कॉलरला हात लावी. बॅटर विचारात पडे की याने काही लावले की नाही? खरोखर लावण्यापेक्षा लावल्याचा संशय त्याला जास्त उपयोगी पडे. अशा माणसाला "तू किती वेळा स्पिटबॉल टाकलास?" असे विचारून काय मिळणार? १९९१ साली तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला.

काही जणांना प्रामाणिकपणे सांगायचे होते, पण सांगता येत नव्हते. न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा. १९९७ साली सहकाऱ्याबरोबर सहज चेंडू फेकताफेकता त्याचा चेंडू आपोआप शेवटी सरकू लागला. तो आणि त्याचे प्रशिक्षक ते सरकणे बंद करायला निघाले होते. जमले नाही, म्हणून तसेच ठेवले. तोच त्याचा प्रसिद्ध कटर. तो आपण शोधला नाही, ती देवाची देणगी आहे, असेच तो सांगत आला. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी त्याला शंभर टक्के मते मिळाली. त्याआधी असे कोणाच्याही बाबतीत घडले नव्हते. ज्याच्या हातात ही कला होती त्यालाच ती कुठून आली ते सांगता येत नव्हते. आमच्या गावचा एक जुना होडी बांधणारा आठवतो. फळी कुठे वाकवायची ते त्याचा हात जाणत होता. विचारले तर नुसता हसायचा.

मग बॅटरला विचारावे का? शतकभर बॅटर छातीवर हात ठेवून सांगत आले की चांगला फास्टबॉल पाटीजवळ येताना वर उठतो. ही माणसे खोटारडी नव्हती. पण वरून हात आणून टाकलेला चेंडू असा उठू शकत नाही. उलट्या फिरकीमुळे तो नेहमीपेक्षा कमी खाली येतो एवढेच. ताशी ९० मैलांहून अधिक वेगाचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो. तेवढ्या वेळात मेंदू अंदाज बांधतो की चेंडू इतका खाली येईल. तो तितका येत नाही, म्हणून उठल्यासारखा वाटतो. साक्षीदार खरा, साक्ष चुकीची. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले, कारण आयुष्यात मी माणसांना खोटे ठरवले त्यातल्या किती जणांना असे दिसले असेल, असा विचार मनात आला.

बरे, कॅमेऱ्यावर विश्वास ठेवावा, तर तोही नेहमी साथ देत नाही. १९४१ साली लाइफ या नामांकित साप्ताहिकाने छायाचित्रांच्या आधारे कर्व्हबॉल खरोखर वळतो की नाही याबद्दलच शंका घेतली. वळणे हा दृष्टिभ्रम असावा, असा त्यांचा सूर होता. वास्तविक फिरणाऱ्या गोळ्याला हवा बाजूला ढकलते हे मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० च्या दशकातच दाखवले होते. शेवटी लायमन ब्रिग्ज नावाचे एक वृद्ध भौतिकशास्त्रज्ञ पुढे आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे ते माजी संचालक. निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटलेली. त्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात फिरते चेंडू सोडून मोजमाप केले. १९५९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की ६० फूट ६ इंचांच्या वाटचालीत चेंडू सतरा-साडेसतरा इंचांपर्यंत वळू शकतो. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. हे वाचून मला धीर आला. निवृत्त माणसानेही प्रश्न सोडू नये, आणि उत्तर देण्याआधी मोजावे. मी पहिली गोष्ट केली होती, दुसरी केली नव्हती.

पुस्तक वाचता वाचता एक गोष्ट मात्र खुपत होती. ज्यांच्याविषयी कोणी लिहिलेच नाही त्यांचे काय? १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत त्या शतकात कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगचे दार बंद होते. ते आपल्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळत. सॅचेल पेज हा त्यांच्यातला नामवंत पिचर. आपल्या चेंडूंना तो स्वतःच नावे ठेवी. एक मधमाशी चेंडू, एक संकट चेंडू, एक उडी चेंडू, आणि हात मध्येच थांबवून टाकलेला थबकता चेंडू. या नावांमागे फास्टबॉल किती, दुसरे काही किती, हे आता कोण सांगणार? त्याला मोठ्या लीगमध्ये प्रवेश मिळाला तो १९४८ साली, बेचाळीसाव्या वर्षी. त्याच्या उमेदीची वीस वर्षे ज्या मैदानांवर गेली तिथे मोठी वर्तमानपत्रे फारशी फिरकत नव्हती. कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या वर्तमानपत्रांनी जे छापले तेवढे उरले. अभ्यासकांनी त्यातून एकेक सामना वेचला. डिसेंबर २०२० मध्ये त्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा देण्यात आला आणि मे २०२४ मध्ये तेवीसशेहून अधिक खेळाडूंचे आकडे मुख्य नोंदींत मिसळले गेले. आकडे मिळाले, ते चांगले झाले. पण चेंडू कसा वळत होता ते आकड्यांत नाही. ते पाहणारे डोळे आता राहिले नाहीत.

आपल्या समाजाविषयी लिहिताना आपण पुष्कळदा म्हणतो की आमची नोंद कोणी घेतली नाही. खरे आहे. पण मळ्यातल्या आमच्या सामन्यांची वही ठेवायला कोणी मनाई केली होती? आमच्यातला एक डावखुरा मुलगा असा चेंडू टाकायचा की तसा मी पुढे टीव्हीवरही क्वचितच पाहिला. तो नंतर कुवेतला गेला आणि परतला तो आजारी होऊनच. त्याच्या मुलाला आज मी सांगितले की तुझा बाप असा असा चेंडू टाकायचा, तर तो माझ्या तोंडाकडे पाहतो. लिहिलेले काहीच नाही. जे दुसऱ्याने लिहिले नाही त्याचे दुःख करावे, पण जे आपण लिहिले नाही त्याचा हिशेबही द्यावा.

आज यंत्रे आहेत. २००६ सालापासून मैदानात कॅमेरे लावून प्रत्येक चेंडूचा मार्ग मोजायला सुरुवात झाली. २०१५ पासून त्याहून मोठी स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा आली. २०२० पासून तिच्यात हॉक-आय कॅमेरे वापरले जातात, तेच, जे आपण क्रिकेटमध्ये पायचीतच्या निर्णयासाठी पाहतो. वेग किती, चेंडू मिनिटाला किती वेळा फिरला, किती इंच सरकला, सगळे कळते. मला वाटले, चला, आता वाद मिटला. पण यंत्र मोजते, नाव माणूसच ठेवतो. इतक्या इंचांच्या पुढे स्वीपर आणि अलीकडे स्लायडर, ही रेघ कोणीतरी आखलेली असते. आणि पिचर स्वतः त्याला तिसरेच काही म्हणत असतो. यंत्राचा आकडा, पिचरचा शब्द आणि बॅटरचा अनुभव हे तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय चेंडू पुरता कळत नाही.

आणि कोपर? माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तोच होता. ग्रंथपाल बाईंनी त्यावरचे शोधनिबंधही मिळवून दिले. जावई शब्द समजावून देई, मी वहीत टिपून घेई. २००२ सालच्या एका अभ्यासात ९ ते १४ वर्षांच्या ४७६ मुलांवर एक हंगाम लक्ष ठेवले होते. कर्व्हबॉल टाकणाऱ्यांमध्ये खांदा दुखण्याचा धोका ५२ टक्क्यांनी आणि स्लायडर टाकणाऱ्यांमध्ये कोपर दुखण्याचा धोका ८६ टक्क्यांनी जास्त आढळला. वाचून माझे हातपाय गार पडले. म्हणजे गुन्हा शाबीत झाला. पण पुढचा निबंध २००८ सालचा. प्रयोगशाळेत २९ मुलांच्या हातावरचा ताण प्रत्यक्ष मोजला, तर कर्व्हबॉलचा ताण फास्टबॉलपेक्षा जास्त नव्हताच, उलट कमी निघाला. सगळ्यांत कमी चेंजअपचा.

मग खरे कोणते? मी दोन दिवस डोके खाजवले. दोन्ही खरे असू शकतात. प्रयोगशाळेत मूल ताजेतवाने असते, मोजके चेंडू टाकते आणि नीट शिकलेले असते. हंगामात तेच मूल दमते, कर्व्ह जमला या आनंदात जास्त टाकते आणि माझ्यासारखा एखादा आजोबा त्याला दाराची मूठ फिरवायला सांगतो. क्रिकेटमध्ये हात सरळ ठेवून चेंडू टाकतात, बेसबॉलमध्ये कोपर वाकवून भिरकावतात. माझे मनगट मळ्यात चालले म्हणून त्याचेही तिथे चालेल, हे मी गृहीत धरले होते. ज्या गोष्टीविषयी सगळे निबंध एका सुरात बोलत होते ती मात्र वेगळीच होती. २००६ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया करावी लागलेल्या तरुण पिचरांची तुलना धडधाकट पिचरांशी केली होती. हात दमलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांना शस्त्रक्रियेचा धोका ३६ पट होता. चेंडूची जात नव्हे, दमलेला हात आणि चेंडूंची संख्या.

म्हणजे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी योग्य प्रश्न विचारला होता. मी जात शोधत बसलो होतो, त्यांनी संख्या विचारली.

मुलांच्या लीगला हे २००७ सालीच उमगले होते. तेव्हापासून त्यांनी डाव मोजणे सोडून चेंडू मोजायला घेतले. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला फार तर ८५, नऊ-दहा वर्षांच्या मुलाने ७५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती. नातवाच्या सामन्यातही एक बाई कागदावर रेघा मारत बसलेल्या मी पाहिल्या होत्या. त्यांचा हिशेब चोख होता. त्यात फक्त घरामागच्या हिरवळीवरचे चेंडू नव्हते. ते माझ्या खात्यावर होते, आणि माझ्याकडे कागदच नव्हता.

सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली. त्याच आठवड्यात माझे परतीचे तिकीट होते. आदल्या संध्याकाळी नातू पंजा घालून आला. मी म्हणालो, "बेटा, नानाने तुला जे शिकवलं ते नानाला नीट ठाऊक नव्हतं. ते विसर." तो म्हणाला, "पण तो वळला होता ना!" मी म्हणालो, "वळला होता. वळण्यासाठी काय मोजावं लागतं ते मी मोजलं नव्हतं." मोठ्या लीगने मुलांसाठी घालून दिलेल्या मार्गदर्शनात बारा वर्षांपर्यंत फास्टबॉल आणि चेंजअपवरच भर द्यावा असे आहे. वळणारे चेंडू त्यानंतर, हे दोन्ही पक्के झाल्यावर. ते मी त्याला वाचून दाखवले. वाचताना कोणी सांगितले आणि का सांगितले तेही सांगितले. मग त्याने हळू पंधरा चेंडू टाकले. लेक दारात उभी राहून मोजत होती. सोळाव्याला तिने हात वर केला. "अब्बा, बस," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

आता तो तेरा वर्षांचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या लीगने पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. प्रत्येक चेंडू जीव तोडून, जास्तीत जास्त वेगाने आणि फिरकीने टाकण्याचा हव्यास हे दुखापती वाढण्याचे एक मोठे कारण त्यात सांगितले आहे, आणि ते लोण मुलांपर्यंत पोहोचल्याचेही म्हटले आहे. नातवाने फोनवर मला त्याविषयी सांगितले. मी सवयीने विचारले, "हे तुला कोणी सांगितलं?" तो हसला. "नाना, मी स्वतः वाचलंय."

त्याच्याकडे एक वही आहे. सामन्यातले चेंडू एका रकान्यात आणि घरचे दुसऱ्या रकान्यात लिहितो. शेवटचा रकाना हात कसा वाटला याचा. गेल्या महिन्यात लेकीने त्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. तारीख, आकडे, आणि शेवटच्या रकान्यात इंग्रजीत लिहिले होते, दमलो, थांबलो. मी तो फोटो चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग कपाटातून एक कोरी वही काढली आणि मळ्यातल्या त्या डावखुऱ्या मुलाविषयी मला जेवढे खात्रीने आठवते तेवढेच, आणि ते कुठे उभे राहून पाहिले तेही, लिहायला बसलो.